एकाच बोअरचं पाणी, दोन शेततळी, दोन रंग. असं का होतंय?

डाळिंबवाला_सांगोला

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

साडेतीन एकर डाळिंब आहे आणि दोन शेततळी. एक ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं, २०१८ ला केलं. दुसरं वडिलांच्या हातचं, लहान आहे, कागद नाही, तळाला गाळ बसून बसून आता जिरपा कमी झालाय. कडेनं पाणकणीस उगवलंय, बेडकं आहेत, पोरं त्याला डबकंच म्हणतात. दोन्हीत एकाच बोअरचं पाणी सोडतो, दोन्हीत अंतर फार तर २०० फूट.

तर झालं असं की फेब्रुवारीत कागदाच्या तळ्यातलं पाणी हलकं पोपटी होतं, काही त्रास नव्हता. मार्चच्या मध्यात गडद हिरवं झालं आणि ड्रीपचा फिल्टर दर अर्ध्या तासाला चोक व्हायला लागला, बॅकवॉश करून करून हात दुखले. दुकानदार म्हणाला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका. पाणी तेव्हा सहा फूट होतं. २ किलो मोरचूद गोणपाटात बांधला, दोरीनं दोघांनी या काठावरून त्या काठावर ओढला. चौथ्या दिवशी पाणी असं साफ झालं की कागदावरच्या घड्या दिसत होत्या, मी तर फोटो काढून स्टेटसला टाकला.

पंधराव्या दिवशी परत हिरवं! पण आता हिरवं वेगळंच आहे. सकाळी बघितलं तर नुसतं हिरवट पाणी, आणि ११ वाजेपर्यंत वारं ज्या कोपऱ्याकडं वाहतं तिथं ऑइलपेंट सांडल्यासारखी जाड साय. काठी बुडवली की काठीला रंग लागतो. वास मारतोय. १५०० बोटुकली सोडली होती रोहू कटल्याची, आता पावशेर-अर्धा किलोचे झालेत, पहाटे सगळे वर येऊन तोंड उघडून आ वासतात, त्यातले चाळीसेक मेले.

आणि ते डबकं? चहासारखं तपकिरी, कधी चोक नाही, कधी वास नाही, काही टाकलं पण नाही कधी. हा कागदाचा दोष आहे का? परत मोरचूद टाकू का? डोस वाढवून?

---

निफाडचा_द्राक्षवाला

दादा डोस कमी पडला असणार. आमच्याकडं एकानं ४ किलो टाकला होता, महिनाभर बघायचं काम नाही. आणि कागद काळा असतो, पाणी तापतं, शेवाळ येणारच. वर शेडनेट टाका. मासे काढून विकून टाका आधी मात्र.

---

शेवाळमास्तर

डाळिंबवाले, परत मोरचूद टाकू नका. आधी हे तरी वाचा, मग ठरवा. मी ३१ वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी डबक्यांच्या काठावर उकिडवं बसून गेली, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही ज्याला "शेवाळ" म्हणताय ते एक नाही. तुमच्या तळ्याच्या एका थेंबात पाचपंचवीस जातींची वस्ती असते आणि कोण किती राहणार हे पाण्याचा त्रास ठरवतो. त्रास म्हणजे ऊन, उष्णता, खारेपणा, खताचा मारा, खताचा तुटवडा, विष, खाणारे किडे, सगळं त्यात आलं. त्रास झाला म्हणून वस्ती उठत नाही, ज्यांना तो त्रास सोसत नाही ते जातात आणि त्यांची जागा ज्यांना सोसतो ते घेतात. त्यामुळे मार्चचं तुमचं हिरवं आणि एप्रिलचं हिरवं ही वेगवेगळी माणसं आहेत असं समजा, घर तेच, भाडेकरू बदलले.

फेब्रुवारीचं पोपटी पाणी म्हणजे बहुतेक क्लोरेला, सेनेडेस्मस असली साधी हिरवी शेवाळं. ती बारीक असतात, मऊ असतात, आणि पाण्यातली पिसू म्हणजे डॅफ्निया त्यांना दिवसरात्र चरत असते. हे चरणं फार महत्त्वाचं आहे हो. उजेडात ग्लास धरला की टुणटुण उड्या मारणारे पांढरे ठिपके दिसतात तीच ती, तुमच्या तळ्यातली शेळ्यामेंढ्यांची खिल्लारं म्हणा ना.

आता मोरचुदाचं बघा. सहा फूट पाणी म्हणजे उतार धरून तुमच्या तळ्यात साधारण १० लाख लिटर. मोरचुदात तांबं चौथा हिस्सा असतं, म्हणजे २ किलोत अर्धा किलो तांबं, लिटरला अर्धा मिलिग्रॅम. शेवाळ मेलं, बरोबर. पण तांब्याला डॅफ्निया शेवाळापेक्षाही हळवी असते, ती आधी मेली. मेलेलं सगळं तळाला जाऊन कुजलं, कुजताना ऑक्सिजन खाल्ला आणि त्याच्या अंगातला फॉस्फरस परत पाण्यात सुटला. आणि सांगोल्याचं बोअरचं पाणी जड, चुनखडीचं, असल्या पाण्यात तांबं फार दिवस विरघळलेलं राहत नाही, खाली बसतं. म्हणजे आठवड्याभरात औषधाचा जोर संपला, चरणारं कोणी नाही, खत तयार, वर एप्रिलचं ऊन. रिकामं शेत, खत टाकलेलं, गुरं नाहीत. जे आधी पोहोचेल त्याचं.

हे मी मनानं सांगत नाही. अमेरिकेत मिनेसोटात फेअरमाँट नावाच्या गावाच्या तळ्यांत ५८ वर्षं मोरचूद टाकत होते. १९८४ मध्ये त्याचा हिशेब छापून आला: प्रत्येक वेळी शेवाळ ७ ते २१ दिवसांत परत, आणि इतक्या वर्षांत हिरवी शेवाळं मागे पडून नीलहरित, म्हणजे खरं तर जिवाणूच असलेली निळसर हिरवी शेवाळं, पुढे आली, गाळात तांबं साठलं ते वेगळंच. तुमचे पंधरा दिवस त्यात बरोबर बसतात बघा.

तुमची ती साय नीलहरितच असणार, बहुधा त्यातली मायक्रोसिस्टिस नावाची. खात्री करायला एक काम करा. काचेची बाटली पाण्यानं भरा, अर्धा दिवस सावलीत हलवायची नाही. हिरवं वर येऊन गळ्याशी जमलं तर ती नीलहरित. खाली बसलं किंवा सगळीकडं सारखं राहिलं तर साधं शेवाळ. त्याचबरोबर डबक्याचंही पाणी दुसऱ्या बाटलीत भरा.

तळ्यात मासे आहेत तर त्यांना खायला काय टाकता? आणि कोंबडखत?

---

डाळिंबवाला_सांगोला

सर तुम्ही तर माझ्या तळ्याच्या काठावर बसून लिहिल्यासारखं लिहिलंय. कोंबडखत महिन्याला दोन घमेली टाकत होतो, कोणीतरी सांगितलं होतं पाणी "पिकतं" म्हणून. शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा रोजचा. डबक्यात काहीच टाकत नाही.

बाटल्या भरून ठेवल्यात ओसरीत. बायको विचारतीय हे काय नवीन.

---

निफाडचा_द्राक्षवाला

सर बरोबर असेल पण एक शंका, पाणी आटतं तसं घट्ट होतं म्हणून शेवाळ येतं असं आम्ही समजत होतो. ३ मीटरचं तळं १ मीटरवर आलं म्हणजे पाणी चौथा हिस्सा राहिलं, मग खारपण चौपट, बरोबर ना?

---

शेवाळमास्तर

चौथा हिस्सा बरोबर, काठोकाठ १९-२० लाख लिटर आणि १ मीटरवर ५ लाख. पण खारपण चौपट होत नाही भाऊ. जे पाणी मोटारीनं बागेला गेलं ते आपला खार बरोबर घेऊन गेलं. घट्टपणा वाढवतं ते फक्त उन्हानं उडालेलं पाणी. मे महिन्यात सोलापूरकडं महिन्याला फूटभर पाणी सहज उडतं. पाणी १ मीटर असताना ते फूटभर म्हणजे तिसरा हिस्सा, म्हणजे खारपण दीडपट. दीडपटसुद्धा कमी नाही, पण चौपट नाही.

मात्र तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी निघते, वेगळ्या वाटेनं. मासे तेवढेच, पेंड तेवढीच, तळाचा गाळ तेवढाच, आणि ते सगळं आता चौथ्या हिश्श्याच्या पाण्यात. लग्नाचं वऱ्हाड तेच आणि मांडव लहान केला तर जे होईल ते होतं.

---

स्लाइड_आणि_चहा

मी एमएस्सी करतेय, शेवाळांवरच प्रोजेक्ट आहे म्हणून मध्ये तोंड घालते. मास्तरांनी लिहिलं त्यात दुपारचं पीएच राहिलं. म्हणजे मला ते सगळ्यात भारी वाटतं म्हणून सांगते.

पेंट आलेल्या तळ्यात पीएच पेपर सकाळी ६ ला आणि दुपारी ३ ला बुडवून बघा. सकाळी पीएच ८ च्या आसपास आणि दुपारी पीएच साडेनऊच्या पुढं असं सहज दिसतं. कारण दिवसभर शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. दुपारपर्यंत मोकळा कार्बन डायऑक्साइड जवळपास शिल्लकच राहत नाही आणि मग साध्या हिरव्यांची उपासमार सुरू होते. मायक्रोसिस्टिस मात्र बायकार्बोनेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कार्बनचं दुसरं रूप, आत खेचून पेशीत त्याचा साठा करण्यात पटाईत आहे, ती चालूच राहते. म्हणजे शेवाळानं स्वतःच पाणी असं करून ठेवलं की बाकीच्यांना राहणं अवघड व्हावं. प्लस तिच्या पेशीत हवेचे बारीक फुगे असतात, त्यामुळे ती तरंगत वर येते आणि खालच्यांचा उजेड अडवते. दिवसभर साखर बनवून जड झाली की खाली जाते, रात्री ती खर्च झाली की परत वर. लिफ्टच आहे फुकटची. वाऱ्यानं पाणी ढवळलं जात असेल तर या लिफ्टचा काही उपयोग नाही, पण एप्रिलमध्ये वरचं पाणी गरम खालचं थंड असे थर पडतात आणि पाणी निवांत पडून राहतं, तेव्हा तिचीच चांदी.

माशांचं पण ह्यातच आहे. पीएच ८ ला पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी भाग ७-८ टक्के असतो, ९ ला तोच ४५ टक्क्यांच्या आसपास जातो, हे ३० डिग्री पाण्याचं सांगतेय. म्हणजे दुपारी अमोनियाचा मार आणि पहाटे ऑक्सिजनचा, कारण रात्रभर सगळे श्वास घेतात आणि बनवत कोणीच नाही. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, २० डिग्रीला लिटरला ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. म्हणून पहाटे आ वासतात हो दादा, भूक म्हणून नाही. पेंड तर लगेच बंद करा.

दोन्ही तळ्यांचं अर्धा अर्धा लिटर पाणी जवळच्या कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटला घेऊन जा ना, कोणीतरी नक्की बघून देईल, परीक्षा संपल्यात आता. थर्मासमध्ये न्या, उन्हात नको.

---

बोडीवाला_गोंदिया

आमच्या इकडे मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे जुने गावतलाव आणि शेतातली लहान तळी. शेवाळ म्हटलं की मला लहानपणची लाल बोडी आठवते. म्हशी बसायच्या त्या बोडीत, शेणमूत सगळं त्यातच, आणि उन्हाळ्यात दुपारी पाणी लाल व्हायचं, अगदी रक्त कालवल्यासारखं, अन संध्याकाळी जाऊन पाहिलं तर हिरवं! आजी म्हणायची तिकडे जाऊ नको. खूप वर्षांनी मत्स्य विभागाच्या एका ट्रेनिंगमध्ये कळलं की ती युग्लिना होती. तिच्या पेशीत लाल रंग असतो, कडक उन्हात तो पसरून छत्रीसारखं झाकण करते आणि ऊन उतरलं की आत गोळा करते. एवढुशा पेशीला ऊन कळतं अन आपण डोक्याला रुमाल बांधायला विसरतो.

काम की बात सांगतो. ढिवर लोक, म्हणजे आमच्याकडचे मासेमार, पूर्वीपासून हात बुडवून पाणी पाहतात. कोपरापर्यंत हात बुडवा, तळहात कोपर बुडायच्या आधीच दिसेनासा झाला तर पाणी जास्त घट्ट, पेंड खत बंद. कोपर बुडलं तरी तळहात स्वच्छ दिसला तर पाण्यात माशाला खायला काही नाही. तुमचा हात मनगटालाच गायब होत असेल आता.

आणि सिल्व्हर कार्प सोडा असं कोणी ना कोणी सांगेलच, म्हणून आधीच सांगतो. तो शेवाळ खातो खरं, पण या तुमच्या पेंटवाल्या शेवाळाचे गोळे त्याच्या पोटातून बरेचदा जिवंतच बाहेर निघतात. त्याच्या भरोशावर बसू नका.

---

निफाडचा_द्राक्षवाला

सिल्व्हर कार्पच सांगणार होतो 😄

---

ओहायोकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या ओहायोत, टोलेडोजवळ. एकच सांगायला लॉगिन केलं: ते पाणी गुरांना, कुत्र्याला पाजू नका आणि घरात कशालाही वापरू नका.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या इथं ईरी सरोवरात हीच मायक्रोसिस्टिस इतकी माजली की शहराच्या नळाच्या पाण्यात तिचं विष आलं, मायक्रोसिस्टिन म्हणतात त्याला, यकृतावर जातं. चारेक लाख लोकांना तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. आणि उकळू पण नका! आपली सवय, शंका आली की उकळ. उकळून ते विष जात नाही, पाणी आटून उलट घट्ट होतं. दुकानातल्या बाटल्या तासाभरात संपल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा धरली होती लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे काहीच नाही म्हणा ना. आणि शेवाळनाशक टाकून एकदम मारलं तर पेशी फुटून आतलं सगळं विष एका दमात पाण्यात येतं, त्यामुळे मोरचूद नको हे मास्तरांचं म्हणणं मला दुप्पट पटतं.

---

डाळिंबवाला_सांगोला

बापरे. मागच्या आठवड्यात शेळ्या तिथंच पाण्यावर होत्या. आजपासून बंद, काट्या लावल्या चारी बाजूनं.

बाटल्यांचा निकाल: कागदाच्या तळ्याची बाटली, गळ्याशी दोन बोटं हिरवा थर, खाली पाणी जवळजवळ साफ. थर जवळून बघितला तर एकसंध नाही, हिरवा रवा भिजवल्यासारखा दाणेदार. डबक्याची बाटली, तळाला तपकिरी साका बसलाय, वर पाणी नितळ. साका बोटात चोळला तर बुळबुळीत लागतोय. माती असती तर अशी लागली नसती ना?

---

शेवाळमास्तर

नाही. काळ्या रानाची बारीक चिकणमाती एवढ्यात बसलीही नसती, दोन-तीन दिवस पाणी गढूळच राहिलं असतं. तुमचा तपकिरी साका म्हणजे डायटम नावाची शेवाळं. त्यांच्या पेशीभोवती काचेची डबी असते, आपल्या वाळूत असते ना सिलिका, तिची. जड असतात, म्हणून लवकर बसतात.

आणि तुमच्या "कागदाचा दोष का" ह्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. डायटमना सिलिका लागते. मातीच्या तळ्यात ती तळातून काठातून झिरपत मिळत राहते, कागदाच्या तळ्यात माती आणि पाण्याच्या मध्ये प्लॅस्टिक, बोअरच्या पाण्यातून आली तेवढीच, ती संपली की डायटमचा कारखाना बंद. उरलेलं अर्धं उत्तर पाणकणसात आहे. ते काठावरून फॉस्फरस नायट्रोजन शोषून घेतं, सावली करतं, आणि त्याच्या बुडख्यात डॅफ्निया दिवसा माशांपासून लपते. तुमच्या डबक्यात मासे तरी आहेत का?

---

डाळिंबवाला_सांगोला

चारदोन मरळ असतील नाहीतर काही नाही. बगळे ठेवत नाहीत.

---

शेवाळमास्तर

मग झालंच. कटला हा डॅफ्निया खाणारा मासा आहे, तुमच्या मोठ्या तळ्यात मोरचुदातून जी वाचली ती त्यानं खाल्ली. डबक्यातली मरळ काय करते, तर डॅफ्निया खाणाऱ्या लहान माशांनाच खाते. त्यामुळे तिथं चरणारी जनावरं टिकली.

---

स्लाइड_आणि_चहा

दादा सॅम्पल नेलं का कुठं? उत्सुकता लागलीय 🙈

---

डाळिंबवाला_सांगोला

नेलं ताई, काल. तालुक्याच्या कॉलेजात एक मॅडम होत्या, त्यांनी दोन तास दिले, चहा पण त्यांनीच पाजला. त्यांनी कागदावर लिहून दिलं ते जसंच्या तसं टाकतो.

कागदाचं तळं: मायक्रोसिस्टिस भरपूर, सेनेडेस्मस थोडी, क्लोरेला थोडी. बाकी काही नाही.

डबकं: नेव्हिक्युला, निट्झिया, सायनेड्रा, सायक्लोटेला, सेनेडेस्मस, युग्लिना, अजून दोन-तीन ओळखू आले नाहीत. डॅफ्निया भरपूर.

खाली त्यांनी "पामर" म्हणून आकडे काढलेत, कागदाचं तळं ८, डबकं १८, आणि म्हणाल्या जास्त आकडा म्हणजे जास्त प्रदूषण. मग डबकंच खराब का? डोकं गरगरलं.

---

स्लाइड_आणि_चहा

अरे हे मस्तच उदाहरण आलं, मला प्रोजेक्टमध्ये घालायचा मोह होतोय 😅

पामर नावाच्या शास्त्रज्ञानं १९६९ मध्ये २० प्रकारच्या शेवाळांना मार्क दिले, सांडपाण्यासारखी सेंद्रिय घाण कोण किती सोसतं त्यावरून. युग्लिनाला ५, सेनेडेस्मसला ४, क्लोरेला नेव्हिक्युला निट्झिया ३-३, सायनेड्राला २, सायक्लोटेलाला १. बेरीज २० किंवा वर गेली तर घाण जास्त, १५ ते १९ म्हणजे बहुतेक आहे. गंमत म्हणजे मायक्रोसिस्टिस त्या यादीत अनॅसिस्टिस ह्या जुन्या नावानं आहे आणि तिला फक्त १ मार्क. म्हणून १ अधिक ४ अधिक ३, तुमचे ८.

म्हणजे काय झालं, मोठ्या तळ्यात एकटीनंच सगळं व्यापलंय म्हणून बेरीज कमी, आणि डबक्यात बरेच जण सुखानं राहतात म्हणून बेरीज जास्त. तो आकडा खोटा नाही, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. डबक्यात पाणकणीस कुजतं, बेडकं, पानं, म्हणून थोडी सेंद्रिय घाण असणारच, ते १८ तेवढंच सांगतात. तुमच्या तळ्याचा त्रास बघायचा तर किती प्रकार उरले आणि त्यातलं एकटं किती टक्के हे बघायचं.

---

शेवाळमास्तर

अगदी. आणि एकटीनं व्यापणं म्हणजे नेहमी रोगच असंही नाही हं, नाहीतर सगळे घाबरून जातील. आपलं लोणार घ्या. पाणी खारट आणि पीएच १० च्या घरात, तिथं कोण टिकणार? स्पिरुलिनाच्या घरातली नीलहरित शेवाळं हजारो वर्षं तिथं आनंदात आहेत, पाणी त्यांच्यामुळेच तर हिरवं. तो त्रास जुना आणि कायमचा आहे, वस्ती त्याला मुरलेली आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा गावोगाव काय काय बोलत होते! पाणी खूप खाली गेलं होतं, खारपण वाढलं, आणि मिठात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग, पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. पाऊस आला, पाणी वाढलं, गुलाबी गेलं.

तसंच कोकणातल्या कातळसड्यावरची डबकी. सातआठ महिने कोरडी ठक्क, कातळ तव्यासारखा तापतो, आणि पावसाच्या पाण्यात डेस्मिड म्हणून शेवाळं दिसतात, चंद्रकोरीसारखी, आरशात बघितल्यासारखी दोन सारख्या अर्ध्यांची. मी स्लाइडवरून डोळा काढत नसे. तिथं त्रास आहे पण खत नाही, पाणी मऊ. त्याच डबक्यात दोन घमेली कोंबडखत टाका, पुढच्या पावसाळ्यात चंद्रकोर शोधून दाखवा.

तुमच्या तळ्याचं म्हणाल तर त्रास रोज नवा. आज पेंड, उद्या खत, परवा मोरचूद, मग एकदम दोन फूट पाणी उपसा. वस्तीला जम बसवायला वेळच नाही.

---

निफाडचा_द्राक्षवाला

सर सगळं पटलं. पण त्यानं करायचं काय ते सांगा की. बाग पेटलीय इकडं उन्हानं आणि आपण चंद्रकोरीवर आलो.

---

शेवाळमास्तर

मान्य 🙂 हा सवयीचा दोष.

मोटारीच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह रिकाम्या कॅनला बांधून तरंगता करा, पाण्याच्या दोन-तीन फूट खाली राहील असा. साय वर, गाळ खाली, मधलं पाणी ओढायचं. ११ नंतर साय कोपऱ्यात जमते म्हणता ना, तेव्हा जुनी नायलॉन साडी दोघांनी धरून ती गाळून काढा, आणि काढलेलं तळ्याच्या उतारावर टाकू नका, खड्ड्यात पुरा, हात धुवा. मासे अर्धे तरी काढा, पण साय असेपर्यंत खायला विकायला नकोत, दुसरीकडं स्वच्छ पाण्यात सोडा. पेंड, खत बंद. पहाटे ३ ते ६ बोअरचं पाणी वरून फवाऱ्यासारखं सोडलं तर हवाही मिळेल आणि पाणी ढवळलंही जाईल. शेडनेट चालेल, उजेड कमी झाला की तिचा जोर कमी होतो. एका दिवसात काही होणार नाही.

आणि साय हटल्यावर डबक्यातलं चार बादल्या पाणी, डॅफ्नियासकट, संध्याकाळी मोठ्या तळ्यात सोडा. आत्ता सोडू नका, उपाशी मरतील, मायक्रोसिस्टिसचे गोळे त्यांच्या तोंडात मावत नाहीत.

---

डाळिंबवाला_सांगोला

तीन आठवड्यांनी लिहितोय. बाकीचं सांगत बसत नाही, साडी बायकोची होती त्यावरून जे झालं ते तर नाहीच. मासे सहाशे काढून पाहुण्यांच्या विहिरीत सोडले. फूटव्हॉल्व्ह तरंगता केल्यावर फिल्टर दिवसातून दोनदाच धुतो. साय अजून येतीय पण पातळ, कोपऱ्यात वावभर. तळहात आता मनगटाच्या पुढं चार बोटं दिसतोय. मधे वळवाचा एक पाऊस झाला, वाऱ्यानं सगळं तळं ढवळून निघालं, त्या दिवशी पाणी मातकट आणि पुढचे चार दिवस साय नाही.

परवा चार बादल्या टाकल्या. मुलगी रोज संध्याकाळी ग्लास घेऊन बघायला जाते, काल म्हणाली सात पिसवा मोजल्या.

आता एकच विचारतो. पाऊस लागायच्या आत तळ रिकामा होईल, दीड वीत गाळ आहे. काढू की राहू देऊ? काढला तर डाळिंबाच्या बुडात टाकला तर चालेल का?

---

शेवाळमास्तर

काढा, नक्की काढा. मायक्रोसिस्टिस वाईट दिवसांत गाळातच झोपून राहते आणि फॉस्फरसही तिथंच आहे. मात्र कागदाला खोरं लावू नका, पाटीनं हळू.

बागेत टाकायच्या आधी गाळाचा नमुना माती परीक्षणाला द्या, सूक्ष्म अन्नद्रव्यं सांगून, त्यात तांबं येतं. ते अर्धा किलो तांबं आता त्या गाळातच आहे, आणि तेल्या रोगासाठी तुम्ही बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारत असणारच वर्षानुवर्षं.

---

डाळिंबवाला_सांगोला

मारतो सर. यंदा पाच वेळा मारलं.

---

शेवाळमास्तर

मग आधी रिपोर्ट येऊ द्या. तोवर गाळ बांधावर, आणि डबक्याच्या वरच्या अंगाला नको.